टॅक्स भरतो तोच नागरिक?

परळचा_पिंपळ (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत दोन विंग. एक रिहॅब, म्हणजे जुन्या चाळीतल्या भाडेकरूंची. दुसरी सेल, म्हणजे बिल्डरने बाजारभावाने विकलेली. सोसायटी एक, गेटं दोन. (गेटांचं पुराण स्वतंत्र धाग्याच्या लायकीचं आहे, ते इथे नको.) परवा पोडियमवरच्या बागेवरून ग्रुपवर जुंपली. सेलमधल्या एका काकांनी लिहिलं की जो मेंटेनन्स जास्त भरतो त्याच्या मताला वजन जास्त हवं. आणि खरं म्हणजे महापालिकेतही असंच हवं. टॅक्स आम्ही भरायचा आणि नगरसेवक झोपडपट्टीने निवडायचा, ही कुठली लोकशाही? भराभर अंगठे पडले. त्यात रिहॅबमधलेही काही अंगठे होते, ते पाहून जास्त करमणूक झाली.

सोसायटीपुरतं उत्तर सोपं निघालं. सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २७ सांगतं की सभासदाला मत एकच, मग घर ३०० फुटांचं असो की १३०० फुटांचं. काका गप्प झाले. पण त्यांचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते त्यांच्या एकट्याचं नाही. खड्डा असो, फेरीवाला असो, वॉर्ड ऑफिसातली रांग असो, भांडताना माणूस "मी टॅक्सपेअर आहे" असंच म्हणतो. "मी नागरिक आहे" असं म्हणून तावातावाने भांडणारा मला तरी अजून भेटायचाय.

गंमत अशी की काका जे मागतायत ते या शहराने करून पाहिलेलं आहे, आणि चांगलं पाऊणशे वर्षं. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या कॉर्पोरेशनमध्ये ६४ सभासद आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. फिरोजशहा मेहतांचा हात लागलेला १८८८ चा कायदा, ज्यावर पालिका आजही चालते, त्यातही मत होतं ते ठरावीक कर भरणाऱ्यांना. मधे १८९६ ला प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाट वस्त्यांमधून रस्ते काढले गेले, घरं पाडली गेली. ज्यांची पाडली त्यांना कुठे पाडायची, मग त्यांनी जायचं कुठे, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ते कोणाच्या मतदार यादीत नव्हते. भाडेकरूला मत मिळालं १९२२ मध्ये, तेही दरमहा निदान १० रुपये भाडं असेल तर. चाळीतल्या एका खोलीचं भाडं त्याहून कमी, त्यामुळे गिरणी कामगार बहुतेक बाहेरच राहिला. प्रौढ मतदानाने पहिली पालिका निवडणूक झाली १९४८ मध्ये. माझे आजोबा तोवर बारा तासांच्या पाळ्या करून थकले होते आणि शहराच्या दृष्टीने ते इथे राहतच नव्हते.

तर चर्चेसाठी प्रश्न: नागरिक कशाने होतो? कर भरून, कर्तव्य पाळून, जन्माने, की नुसतं इथे राहून? आणि कर्तव्य आधी की मत आधी?

राजकीय पक्षांची नावं आणू नयेत ही विनंती. धाग्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

वडापाव_वादी

जागा धरून बसलोय. मुलुंडचे सीए येऊ देत, मग रंग भरेल.

मुलुंड_स्लो

आलो. काकांची बाजू इथे कोणी घेणार नाही, म्हणून मी घेतो.

पहिलं, हा विचार काही फक्त कंजूष सेलवाल्यांचा नाही. जॉन स्टुअर्ट मिल, स्त्रियांच्या मताधिकारासाठी ब्रिटिश पार्लमेंटात भांडलेला माणूस, १८६१ मध्ये लिहून गेलाय की जे कर भरत नाहीत त्यांनी कर ठरवणारे निवडू नयेत. तसं झालं तर ते दुसऱ्याच्या खिशात मोकळेपणाने हात घालतील. यात चूक काय ते सांगा.

दुसरं, मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. कर गेला, मत राहिलं. ही माफी कोणाच्या मतांसाठी दिली हे सांगायला नको.

तिसरं, आणि माझ्या मते हेच मुख्य. आपल्याकडे हक्कांची यादी सगळ्यांना पाठ. संविधानात मूलभूत कर्तव्यंही आहेत, अनुच्छेद ५१ क. त्यातली तीन जरी न बघता कोणी सांगितली तर माझ्याकडून कटिंग.

काळा_कोट

कटिंग पाठवा. राष्ट्रध्वज व राष्ट्रगीताचा आदर, सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण, वैज्ञानिक दृष्टिकोन. चौथं फुकट देतो: स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं.

आता हे ऐका. मूळ संविधानात कर्तव्यांचं प्रकरण नव्हतं. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं, आणीबाणीत, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीवरून. त्या वेळी कर्तव्यं दहा होती. अकरावं, मुलांना शिक्षणाची संधी देण्याचं, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने जोडलं गेलं. त्या समितीने कर भरणं हेही कर्तव्य म्हणून सुचवलं होतं. संसदेने ते घेतलं नाही. म्हणजे आज जी अकरा कर्तव्यं आहेत त्यात कर भरणं नाही, आणि मतदानही नाही. कर भरावा लागतो तो करकायद्याने, नाही भरला तर दंड. तुमच्या काकांना सांगा की त्यांची पावती ५१ क मध्ये कुठेच बसत नाही.

आणि हक्क रोखून धरायची धमकी देऊन कर्तव्य करून घ्यायचं, अशी सोय संविधानाने ठेवलेली नाही. कर्तव्य केलं नाही म्हणून कोणाचं मूलभूत हक्काचं खातं गोठत नाही.

तर्कतीर्थ_नव्हे

(निवृत्त मास्तर, विषय तत्त्वज्ञान. लांबण लागेल, आधीच सांगतो.)

मुलुंडकर, मिल अर्धाच सांगितलात. त्याच लिखाणात तो पुढे म्हणतो की म्हणून गरिबातल्या गरिबावरही एखादा छोटा, दिसणारा कर असावा, म्हणजे कोणाचंच मत जाणार नाही. त्याला माणसं वगळायची नव्हती, आत घ्यायचा रस्ता हवा होता. हां, शिकलेल्यांना जास्त मतं द्यावीत असंही तो म्हणाला. ते आपण त्याच्या नावे उधार मांडून पुढे जाऊ.

मला खरी गंमत वाटते ती अथेन्सची. कर आणि नागरिकत्व यांची जोडी तिथे नेमकी उलटी होती. शहरात परक्या गावांतून येऊन स्थायिक झालेले हजारो लोक होते, त्यांना मेटिक म्हणत. व्यापारी, कुंभार, सावकार, कारागीर. शहराचा धंदा बराचसा त्यांच्या जिवावर. मेटिक पुरुषाने वर्षाला १२ द्राख्मा डोईपट्टी भरायची, लढाईला जायचं, आणि सभेत मात्र पाऊल टाकायचं नाही. अथेन्सच्या नागरिकावर असा नियमित थेट कर नव्हता. श्रीमंत नागरिकावर लढाऊ जहाजाचा किंवा नाट्योत्सवाचा खर्च पडे, युद्धात वेगळी वर्गणी पडे, पण डोईपट्टी हे कमीपणाचं लक्षण होतं. उलट इ.स.पू. चौथ्या शतकात सभेला येणाऱ्या नागरिकाला हजेरीचे पैसे मिळत. काकांना तिथे नेलं असतं तर त्यांची पावती बघून त्यांना मेटिकांच्या रांगेत उभं केलं असतं.

आणि सभेला सगळे उत्साहाने जात असंही समजू नका. बाजारात रेंगाळणाऱ्यांना हाकत नेण्यासाठी लाल रंगात भिजवलेला दोर दोन्हीकडून धरून फिरवत. ज्याच्या अंगरख्याला रंग लागला त्याला दंड. मतदानाची सुट्टी जोडून लोणावळ्याला जाणाऱ्यांसाठी एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर असा दोर लावायला माझी हरकत नाही.

आता ॲरिस्टॉटल. नागरिक म्हणजे कोण, याची जी व्याख्या आजही शिकवली जाते ती त्याची: न्याय करण्यात आणि कारभारात ज्याचा वाटा आहे तो. नुसतं एका गावात राहिल्याने कोणी नागरिक होत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. हे लिहिणारा स्वतः स्टागिराचा, अथेन्समध्ये मेटिक. आपल्याच व्याख्येने तो बाहेर पडतो, आणि त्याबद्दल तिथे तक्रारीची ओळ त्याने लिहिलेली नाही. मला हे वर्गात शिकवताना दरवेळी थांबायला होत असे.

कांटपर्यंत या, १७९७. तो नागरिकांचे दोन भाग करतो, सक्रिय आणि निष्क्रिय. दुसऱ्याच्या हुकमावर ज्याचं पोट चालतं तो निष्क्रिय, त्याला मत नाही. घरगडी, शिकाऊ कामगार, आणि सगळ्याच्या सगळ्या स्त्रिया. जो तो आपल्या काळातली रिहॅब विंग शोधतोच.

परळचा_पिंपळ

मास्तर, शेवटचं वाक्य ग्रुपवर टाकू का? नाव न घेता.

तर्कतीर्थ_नव्हे

टाका. पण मग बागेत मला येऊ देणार नाहीत, मी अधूनमधून येतो तिथे.

टोरोंटोकर

दादरला फ्लॅट आहे, मालमत्ता कर वेळेवर भरतो, पाणीपट्टी भरतो. पासपोर्ट कॅनडाचा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे, त्यामुळे भारतात मत नाही. म्हणजे मी आजचा मेटिक. काकांच्या नियमाने मला मत मिळेल, आणि खरं सांगू का, मिळू नये. पाणी तुंबतं तेव्हा मी बर्फ उपसत असतो.

खडू_आणि_डस्टर

मी शाळेत शिकवते आणि बीएलओ आहे, म्हणजे मतदार यादीचं काम गळ्यात आहे. तत्त्वज्ञानातलं कळत नाही, पण "नुसतं राहून कोणी नागरिक होत नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही.

आपल्या कायद्यात मतदार यादीत नाव येण्यासाठी, भारताचा नागरिक आणि वय १८ एवढं जमलं की, पुढचा प्रश्न एकच असतो: हा माणूस इथे सर्वसाधारणपणे राहतो का? घर मालकीचं आहे का, भाडं किती, कर भरतो का, यातलं काही विचारायचं नसतं. उलट १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० स्पष्ट आहे की तिथे नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि ज्याला घरच नाही त्याचं काय, तर त्याने नमुना ६ (यादीत नाव घालायचा अर्ज) भरायचा आणि बीएलओने रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. एका रात्रीवर भागत नाही, एकाहून जास्त वेळा जावं लागतं. खात्री पटली तर पत्त्याचा कागद मागायचा नाही.

मी अशी गेले आहे. उड्डाणपुलाखाली, अकरा वाजून गेले होते, बरोबर आमचे शिपाई. एक बाई मोगऱ्याचे गजरे ओवत बसली होती, ओल्या फडक्यात कळ्या, बाजूला दोन मुलं झोपलेली, डोक्यावर प्लास्टिक बांधलेलं. फॉर्म तिने कोणाकडून तरी भरून घेतला होता. पत्त्याच्या रकान्यात पुलाचं नाव आणि खांबाचा नंबर. मी विचारलं, हा नंबर तुला कोणी सांगितला? तर म्हणाली, पोरीच्या शाळेतपण हाच दिलाय. खांबाकडे बघितलं तर पिवळ्या रंगात तो नंबर खरंच होता.

मग तिने मला विचारलं, नाव लागलं की उठवणार नाहीत ना? मी म्हटलं, बाई, त्याचा याच्याशी संबंध नाही. ती म्हणाली, "मग कशाशी हाय?"

दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती तिथेच होती. नाव लागलं.

मुलुंड_स्लो

मॅडम, नमस्कार. यावर वाद घालायला बसणं मला जमणार नाही.

पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. मत द्या, सगळ्यांना द्या, चला मान्य. कराचा मुद्दाही सोडतो, कारण साबणाच्या वडीवर ती गजरेवालीही जीएसटी भरते, आणि २०१७ पर्यंत जकात होती तेव्हा शहरात येणाऱ्या मालावर ती प्रत्येकानेच भरली. पण कर्तव्याचं काय? नवीन स्कायवॉकचे कोपरे महिन्यात लाल होतात. पिचकारी मारणारा काही सगळाच मतहीन, वंचित नसतो. बरेच जण गाडीची काच खाली करून मारतात. थुंकायला दंड आहे, कोणाला फरक पडलाय? धागाकर्त्याच्या मांडणीत मला एक पळवाट दिसते: मला कारभारात वाटा नाही, म्हणून माझ्यावर जबाबदारी नाही. नगरसेवक नव्हता म्हणून थुंकलो, असं चालेल का?

काळा_कोट

थुंकण्याचं मास्तरांवर सोडतो. पण "नगरसेवक नव्हता" हे तुम्ही गमतीत म्हणालात, तर ते जरा नीट बघू.

अनुच्छेद २४३ यू: नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलं. मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, कित्येक छोट्या राज्यांपेक्षा मोठा, आणि त्यावर बोलायला एकही निवडलेला माणूस सभागृहात नव्हता. सेल असो की रिहॅब, सगळे सारखेच बाहेर. या काळात काका कर भरत होते, ना? ॲरिस्टॉटलच्या व्याख्येने त्या चार वर्षांत मुंबईत पालिकेपुरता नागरिक कोणीच नव्हता, आणि करदात्यांपैकी फारच थोड्यांना ते जाणवलं. २०१७ च्या निवडणुकीत मतदान साधारण ५५ टक्के होतं. उरलेल्या ४५ ना तर आधीही जाणवत नव्हतं.

अवांतर: पाण्याबद्दल. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तेव्हा एका ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिकेचं पाणी मिळत नसे. न्यायालयाने असंही म्हटलं की कायदेशीर रहिवाशांइतक्याच बरोबरीचा हक्क ते सांगू शकत नाहीत आणि त्यांना दर जास्त लावता येईल. म्हणजे घर अनधिकृत, माणूस अधिकृत. तोवर ही माणसं मत देऊ शकत होती आणि नळ मागू शकत नव्हती. मास्तरांच्या सक्रिय-निष्क्रियमध्ये हा तिसरा कप्पा टाका.

तर्कतीर्थ_नव्हे

थुंकण्याचं घेतो.

मुलुंडकरांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला बाजूही भक्कम आहे. सॉक्रेटिसला तुरुंगातून पळवून न्यायला मित्र आला तेव्हा तो म्हणाला की शहराचे कायदे मला विचारतील: सत्तर वर्षं इथे राहिलास, दारं उघडी होती, गेला नाहीस, म्हणजे तुला आम्ही मान्य होतो. इथे राहणं हीच संमती. यावर ह्यूमने १७४८ मध्ये फटकारलं: ज्या गरिबाला परकी भाषा येत नाही, रोजच्या कमाईवर पोट आहे, तो देश सोडून जायला मोकळा आहे असं कसं म्हणता? झोपेत जहाजावर चढवलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही म्हणून त्याने कप्तान मान्य केला, असं होतं का? मला ह्यूम पटतो.

पण विसाव्या शतकात एच. एल. ए. हार्टने वेगळी वाट काढली, १९५५. संमती बाजूला ठेवा. अनेकजण मिळून एक नियम पाळतात, त्यासाठी स्वतःला आवर घालतात, आणि त्या आवरण्याचा फायदा तुम्ही घेता. तर तुमच्यावरही आवर घालण्याचं ऋण आहे. ते ऋण सरकारचं नव्हे, त्या बाकीच्यांचं. मला वाटतं थुंकण्याचा निकाल इथे लागतो. पिचकारी मारणारा आयुक्तांचा गुन्हेगार असेल-नसेल, जो जिना पुसतो त्याचा आहे. यासाठी नगरसेवक असावा लागत नाही.

मात्र याच तर्काचं टोक धागाकर्त्याच्या बाजूलाही आहे. ज्याला त्या नियमाचा फायदाच पोचत नाही, त्याच्यावर ऋण किती? ज्या वस्तीत शे-दीडशे माणसांमागे एक संडास आणि त्यालाही कुलूप, तिथे उघड्यावर बसू नका ही पाटी लावणारा नेमकं काय मागतो आहे?

परळचा_पिंपळ

मुलुंडकर, पळवाट ठेवायची नव्हती. माझं म्हणणं जरा नेटकं करतो.

थुंकू नये, कचरा टाकू नये, हे शेजाऱ्यांविषयीचं कर्तव्य, ते बिनशर्त. पण नागरिक म्हणून असलेलं कर्तव्य त्याहून मोठं असतं: आपल्याला न आवडणारा निर्णयही पाळणं, बागेसाठी आपली पार्किंगची जागा सोडणं, पुढच्या पिढीसाठी आज कर जास्त भरणं. हे माणूस तेव्हाच मनापासून करतो जेव्हा ठरवताना त्याला विचारलेलं असतं. आमच्या रिहॅबमधल्यांनी पोडियमची बाग तुडवली ही काकांची तक्रार खरी आहे. बागेचा आराखडा ठरला त्या बैठकीची नोटीस रिहॅबच्या बोर्डावर लागलीच नव्हती, हेही खरं आहे.

बाबासाहेबांनी हे १९१९ मध्येच मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे मांडलं होतं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. नागरिकत्व बनतं ते अनेक हक्कांचं, पण त्यातले सर्वांत महत्त्वाचे दोन: प्रतिनिधित्वाचा आणि राज्याचं पद धारण करण्याचा. १९२८ ला सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हाही समोरून हेच येत होतं: आधी शिका, आधी लायक व्हा, आधी कर भरण्याइतके मोठे व्हा.

आणि महाडचं तळं बघा. १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद सगळे जागेवर होते. पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ ला चालत जावं लागलं, आणि त्यानंतर दहा वर्षं कोर्टात. तिथे गेलेली माणसं काय मागत होती आणि कोणतं कर्तव्य करत होती, हे मला वेगवेगळं करता येत नाही.

बाळा_भायखळा

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. वडील सफाई खात्यात होते, कंत्राटी, मग कायम झाले. ते २७०० कंत्राटी कामगार २०१७ ला सुप्रीम कोर्टापर्यंत लढून कायम झाले, त्यांच्यातले. तोवर ओळखपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. शहर रोज साफ करायचं आणि शहराच्या कागदावर नाव नाही. आता मास्तरांचा मेटिक मला बरोबर समजला.

कर्तव्याचं बोलताय तर एक सांगतो. ओला-सुका वेगळा करायचं सगळे बोलतात. वडिलांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधे एक जुना व्रण आहे. नारळाच्या शेंड्यांत गुंडाळलेलं दाढीचं ब्लेड. ज्याने टाकलं त्याने वर्तमानपत्रात नाही, शेंड्यांत गुंडाळलं, म्हणजे कोणालातरी लागेल याचा विचार त्याने केला होता, फक्त कोणाला ते चुकलं. त्याच्या स्वतःच्या कामवालीला लागू नये म्हणून गुंडाळलं असेल. आमचे बाबा त्या विचारात नव्हते. वर्गीकरणाचा नियम २०१६ पासून आहे, दंडपण आहे. बाबा म्हणतात, नियमाने हात वाचला नाही, एका बिल्डिंगमधल्या म्हातारीने वाचवला. ती काच वेगळ्या डब्यात ठेवायची आणि वर "काच" असं लिहायची.

तिने टॅक्स किती भरला मला माहीत नाही.

मुलुंड_स्लो

बाळा, ब्लेडसाठी आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर पत्र्याचा डबा लावतो. रविवारच्या कमिटीत विषय घेतो.

पिंपळ, तुमचा "विचारलेलं असतं" हा मुद्दा पटला, पण विचारायचं कुठे? नगरसेवक पाच वर्षांत एकदा. प्रभाग समित्या कागदावर. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून एएलएम (रहिवाशांनी पालिकेबरोबर आपल्या गल्लीची स्वच्छता बघायची योजना) सुरू झाली तेव्हा आम्ही पण केली होती, खतखड्डे काढले, झाडं लावली. पण एएलएम म्हणजे इमारतींचीच. बाजूच्या वस्तीतलं कोणी कधी बैठकीला आलं नाही, आणि आम्ही बोलावलंही नाही, खरं तर.

काळा_कोट

कायद्यात क्षेत्रसभेची सोय आहे. त्या भागातला प्रत्येक मतदार तिचा सभासद, इमारत-वस्ती भेद नाही. जवळपास कुठे भरलेली कोणी पाहिली असेल तर कळवा, हार घेऊन येतो.

कणकवली_अंधेरी

माझा प्रश्न लहान आहे. अकरा वर्षं अंधेरीत भाड्याने राहतो, नाव गावच्या यादीत. निवडणूक आली की गावची गाडी भरते, जेवणासकट. ग्रामपंचायतीला यंदा चुलतभाऊ उभा राहील. मुंबईचं पाणी पितो, लोकलला लटकतो, खड्ड्यात पडतो, मत मात्र कणकवलीला. वरचं सगळं वाचून वाटायला लागलं की माझं काहीतरी चुकतंय. पण गावचं घरही माझंच आहे, तिथलंही काही देणं लागतो की नाही?

तर्कतीर्थ_नव्हे

देणं दोन्हीकडे लागता येतं. मत एकीकडेच. कुठल्या गावच्या निर्णयाने तुमचा मंगळवार बदलतो ते बघा.

मुलुंड_स्लो

मास्तर, कोकणातल्या माणसाला हे सांगून काही होत नाही. आमच्याकडे अर्धी बिल्डिंग गावचीच मतदार आहे.

खडू_आणि_डस्टर

कणकवली, एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, ते आधी सांगते. गावचं घर मालकीचं आहे एवढ्यावर तिथलं नाव टिकत नाही. राहायला मुंबईत असाल तर नमुना ८ भरायचा, त्यात पत्ता बदलल्याची सोय आहे, जुनं नाव तिकडून निघतं. पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. घरमालक करार नोंदवत नसेल तर इतर कागद काय आहेत ते इथे नको, तुमच्या बीएलओंना विचारा.

कणकवली_अंधेरी

करार नोंदवलेला आहे. भरतो. पण गणपतीनंतर. आधी भरला आणि चुलत्याला कळलं तर आरतीला पुढे उभं राहू देणार नाही.

खडू_आणि_डस्टर

गणपतीनंतर भरा, पण विसरू नका. फॉर्म मोबाईलवरूनही जातो. नंतर मी घरी येईन तपासायला, म्हणजे तुमच्या भागाची बीएलओ येईल. तेव्हा घरी कोणीतरी असू दे. दार बंद असलं की आम्हाला परत यावं लागतं, आणि लिफ्टमधून सोडत नाहीत.